मडमेवर फुटलेला नारळ

या जगात जी जी वस्तू सुरळीत चालते आहे, ती केवळ आमच्या थोरल्या साडूंची नजर तिच्यावर अजून पडलेली नाही म्हणून चालते आहे, असं माझं ठाम मत आहे. मोडलेल्या वस्तूशी त्यांचं काही भांडण नसे. ती ते दुरुस्त करून देत, आणि चांगली करून देत. पण धडधाकट चालणारी वस्तू दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "ह्ये चालतंय कसं पन?" असं पुटपुटत ते तिच्याभोवती एक-दोन फेऱ्या मारायचे, मग खिशातून डिसमिस निघायचं, आणि आपलं पान जमवून होईतो त्या वस्तूचे सगळे अवयव चटईवर ओळीनं मांडलेले असायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या दासगावच्या घरी जेवायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी दिलेलं नवंकोरं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. हात धुवायला म्हणून ते काढून मी कोनाड्यात ठेवलं. परत येतो तो घड्याळ आमटीच्या वाटीत आणि साडू त्याच्यावर ओणवे. वाटीत आमटी अजून वाढली नव्हती एवढंच माझं नशीब. "मास्तर, एकदम बेस्ट कंडिशन हाय," ते मान वर करून म्हणाले, "काय म्हंजे काय बिघाड नाय!" बिघाड नाही हे मलाही ठाऊक होतं. पुढे ते घड्याळ बारा वर्षं वेळ बरोबर दाखवत राहिलं. फक्त कानाशी धरलं की आत कुणीतरी सुपारी कातरत बसल्यासारखा आवाज यायचा, तो काही गेला नाही.

मी तेव्हा महाडला शाळामास्तर होतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. तरुणपणी सोळा वर्षं मुंबईच्या गोदीत फिटर होते. वडील गेल्यावर भाताच्या खाचरांसाठी गावी परतले, ते एक लोखंडी पेटी भरून हत्यारं आणि दुसरी पेटी भरेल एवढे इंग्रजी-हिंदी शब्द घेऊन. त्यांचा बैल 'ओव्हरलोड' व्हायचा, ओढ्याला पाणी 'फुल पावर' यायचं, आणि कुणाच्या लग्नाची बोलणी फिसकटली तर ते, स्क्रूची भाषा वापरून, "आटे जुळले नायत" म्हणून मोकळे व्हायचे. पण त्यांची खरी विद्या जिभेत होती. कोणताही धातू, कोणतंही तेल ते चाखून ओळखत. कळशी विकत घ्यायची झाली की आधी तिच्या काठाला जीभ लावत आणि दुकानदार बिचारा तोंड फिरवून घेई. एकदा आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला मी त्यांना हौसेनं बोलावलं. गावातल्या एका बड्या व्यापाऱ्यानं चांदीचा करंडक दिला होता. तो पाहुण्यांच्या रांगेतून हातोहात फिरत साडूंपर्यंत आला. मी "अहो, अहो" म्हणतोय तोवर त्यांनी करंडकाला खालून जीभ लावली आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात निर्वाळा दिला, "मास्तर, मुलामा हाय नुसता. आत पितळ!" करंडक देणारे गृहस्थ दोन खुर्च्या सोडून बसले होते. पुढल्या वर्षी करंडकही आला नाही आणि गृहस्थही आले नाहीत. अक्का म्हणायची, "आमटीत मीठ नाय ह्ये ह्यांना कळत नाय, पन खिळा कुठल्या पेटीतला त्ये चाटून सांगतील."

ही गोष्ट आपलं मराठी राज्य व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. साडू कुणाच्या तरी बाराव्याला म्हणून मुंबईला गेले आणि येताना गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड घेऊन एसटीतून उतरले. ते होतं होडीच्या पाठीमागं अडकवायचं इंजिन. वर वाटोळं डोकं, मधे लांब मान, आणि तळाशी पाण्यात राहणारी, माशाच्या तोंडासारखी निमुळती पेटी. त्या पेटीत दातेरी चाकं, तेल, आणि पेटीच्या मागं पंखा. कुण्या गोऱ्या साहेबानं लढाईच्या आधी विलायतेहून आणवलेलं. साहेब मायदेशी गेला आणि हे भंगारात पडून राहिलं. साडूंनी त्याला खडखडीत बरं केलं आणि नाव ठेवलं मडम. हे नाव ते थट्टेनं घेत नसत, चांगलं आदरानं घेत. "आज मडमची तब्येत नरम हाय," "मडमला घासलेट जरा गाळून लागतं," असं बोलायचे. दासगावच्या धक्क्यावर मडम पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तिथं बांधलेल्या एका म्हशीनं जो दोर तोडला, ती महाडच्या वाटेवर सापडली. आवाज असा की होडीतल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं तरी उपयोग नसे. पण सावित्रीच्या खाडीतून माणसं वल्ही मारत, भरती-ओहोटीची वाट बघत दिवस दिवस काढायची, तिथं मडम दोन-अडीच तासांत खाडीच्या तोंडाजवळ नेऊन सोडायची. साडूंना या गोष्टीचा अभिमान इतका की तो चेहऱ्यावर मावत नसे.

आता आमच्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. त्यांना सगळे आबा म्हणत. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत त्यांची शेती. पंचाहत्तरीला आलेले, ताठ आणि हट्टी. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या बायकांची आत्या, खाडीच्या तोंडाशी एका गावात दिलेली. मोटाररस्त्यानं जायचं तर आधी एसटी, मग डोंगर, मग खाडी ओलांडायला तर, म्हणजे होडी. आबांच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. शिवाय आबांना शकुन-अपशकुनाचं भारी वेड. आत्याकडे जायला म्हणून ते मधल्या काळात दोनदा निघाले होते. एकदा उंबऱ्यात कुणी शिंकलं, एकदा वेशीजवळ रिकामी घागर आडवी आली, आणि दोन्ही वेळा आबा अर्ध्या वाटेतून माघारी. अशी सात वर्षं गेली. त्या वर्षी दिवाळीच्या आधी आत्याचा निरोप आला: डोळ्यांनी दिसेनासं झालंय, ह्या भाऊबिजेला येऊन जा, हातानं चाचपून तरी बघीन. निरोप आणणाऱ्यानं हळूच हेही सांगितलं की पुढल्या भाऊबिजेचा भरवसा धरू नका. तेव्हा साडू पुढं सरसावले आणि सासऱ्यांना म्हणाले, "आबा, भाऊबिजेला दुपारी भरती हाय, उधाणाची. बारा वाजता मडमवर बसवतो, तीनाच्या आत बहिणीच्या दारात! माझा शब्द हाय."

धनत्रयोदशीला आबा दासगावात दाखल झाले. शाळेला सुट्टी, म्हणून आम्ही नवरा-बायकोही तिथंच. त्या संध्याकाळी हत्यारांची पूजा. साडूंनी मडमला पडवीत लाकडी घोडीवर चढवून, पुसून, झेंडूची माळ घालून बसवली होती. नारळाचा मान अर्थातच आबांचा. नारळ फोडायला अक्कानं शेजारी दगड ठेवला होता. पण आबा डोंगरातले. होडीचा आणि त्यांचा संबंध ऐकीव. होडी पाण्यात लोटताना कोळी लोक नारळ तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या नाकावर फोडतात, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. मडमचं नाक शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. ती खालची निमुळती पेटी अगदी नाकासारखीच पुढं आलेली. "आता बहिणीकडं नीट पोचव गो बाय," असं म्हणून, आणि डोळे मिटून, आबांनी नांगर धरलेल्या त्या हातांनी नारळ असा आदळला की त्याची दोन शकलं होऊन एक तुळशीपाशी जाऊन पडलं. बायका "हर हर महादेव" म्हणाल्या. मी टाळ्या वाजवल्या. साडू मात्र वाकून मडमच्या नाकाकडे बघत होते. नारळाचं पाणी ओघळून गेलं होतं आणि त्याच्या मागून, करंगळीएवढ्या लांबीच्या बारीक रेषेतून, तेलाचा एक काळा थेंब सावकाश बाहेर येत होता. साडूंनी तो बोटानं टिपला, जिभेला लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं यांच्या घरातच कुणीतरी दगावलं. पुढच्याच क्षणाला त्यांनी पूजेच्या ताटातलं सगळं कुंकू उचलून त्या रेषेवर थापलं आणि मडमला साष्टांग नमस्कार घातला. आबा खूश झाले. "भक्ती हाय जावयबापूंची," म्हणाले.

पेटी फुटली म्हणजे काय होतं, हे साडूंनी मला गोठ्यामागं नेऊन कुजबुजत सांगितलं. आतलं तेल बाहेर, खारं पाणी आत, आणि अर्ध्या खाडीत दातेरी चाकं जाम. पण त्यांना त्याची एवढी काळजी नव्हती. "भेग मी बुजवीन हो मास्तर. पन आबांना कळलं का आपल्या नारळानं फुटली, का संपलं. शिंकेवर परत जानारा मानूस! ह्यो तर पूजेतला अपशकुन. त्ये काय आता होडीत पाय घालत नायत, आन् ती म्हातारी तिकडं ओवाळनीचं ताट घेऊन बसलीय." म्हणजे भेग चार दिवसांत बुजवायची, तीही दिवाळीत, महाडचा एकूणएक कारखाना बंद असताना, आणि आबा त्याच घरात चोवीस तास पडवीत बसलेले असताना. मी घाबरलो. साडूंच्या डोळ्यांत मात्र हळूहळू ती चमक आली, जी मी माझ्या घड्याळाच्या वेळी पाहिली होती.

पहिला प्रश्न आबांच्या डोळ्यांआड मडमची खालची पेटी काढायची कशी. साडूंनी अक्काचं जुनं लुगडं मडमवर आपादमस्तक पांघरलं आणि आबांना गंभीरपणे सांगितलं की पूजा झाल्यावर मोटार चार दिवस झाकून ठेवायची असते, गोदीत पूर्वापार तशी रीत आहे. रीत म्हटल्यावर आबांनी मान डोलावली. पेटी गेल्यावर लुगडं खाली लोंबायला लागलं, तेव्हा साडूंनी त्या जागी परसातला एक लांबट भोपळा टेकवला. आकार अगदी जमला. आबा रोज सकाळी अंघोळ करून येत, लुगड्यावरूनच भोपळ्याला हळदकुंकू वाहत आणि हात जोडत. ते बघवायचं नाही म्हणून माझी बायको माजघरात पदर तोंडात कोंबून बसायची. गावाला अर्थातच सगळं दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, आणि आबांना गुंतवून ठेवायची जबाबदारी सगळ्या दासगावानं वाटून घेतली. न्हाव्यानं चार दिवसांत त्यांची तीनदा दाढी केली. कुणी त्यांना आपलं भात दाखवायला नेई, कुणी आपली म्हैस. आबा म्हणायला लागले की दासगावसारखा अगत्याचा गाव उभ्या कुलाबा जिल्ह्यात नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे अक्का अभ्यंगाचं पाणी विसणायला गेली तर न्हाणीतल्या हंड्यात मडमची पेटी डुंबत होती. तेलकट पेटीवर भेगेचा माग लागत नाही, ती कढत पाण्यात शिकेकाई घालून धुवावी लागते, हे साडूंचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण वेळ चुकली होती. "अवो, घरात तुमचा सासरा हाय, साडू हाय, आन् पयली आंगूळ हिची?" अक्का कडाडली. "गो, हळू बोल, आबा उठतील," साडू म्हणाले आणि पेटी धोतराच्या सोग्यात गुंडाळून पळाले. आबांच्या अंगाला त्या दिवशी घासलेटाचा वास येत होता. त्यांनी तो उटण्याचा समजून घेतला असावा.

दुरुस्तीत माझाही वाटा आहे, हे नम्रपणे सांगतो. भेग डोळ्याला दिसते त्याहून नेहमी लांब असते, आणि तिचं खरं टोक सापडलं नाही तर ती पुढं चालतच राहते. टोक शोधायला साडूंनी पेटीला आतून घासलेट चोपडलं, बाहेरून कोरडी पुसली आणि माझ्याकडे हात पसरला. "मास्तर, खडू काढा." खिशात खडू नसलेला मास्तर मी अजून पाहिलेला नाही. खडूची भुकटी फासल्यावर थोड्याच वेळात पांढऱ्यावर घासलेटाची ओली रेषा उमटली, आणि ती करंगळीची नव्हती, चांगली मधल्या बोटाएवढी होती. तिच्या दोन्ही टोकांना साडूंनी सुताराच्या सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटानं, एकेक बारीक भोक पाडलं. "आता कुठं जाशील?" ते भेगेला म्हणाले. भोकाशी आली की भेग थांबते, हे मला पदार्थविज्ञान शिकवूनही माहीत नव्हतं.

आता वरून ठिगळ. कथलाचा डाख लावून सांधायची सोय नव्हती, कारण पेटी अल्युमिन्याची, आमच्याकडे ज्याला जर्मन म्हणतात त्याची, आणि जर्मनला डाख धरत नाही. पितळेचा पत्रा लावावा तर खाऱ्या पाण्यात पितळ आणि जर्मनचं पटत नाही, साडूंच्या भाषेत "दोगांची सोयरीक टिकत नाय." तेव्हा ठिगळही जर्मनचंच हवं. ते त्यांना कुठून मिळालं याचा मला पत्ता नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अक्का भात शिजत टाकून पाट्याशी वाटायला बसली असता तिला झाकणातून वाफेचा खांब वर जाताना दिसला. झाकणाच्या मध्यावर विड्याच्या पानाच्या आकाराचं एक सुबक भोक होतं. साडूंनी तेवढाच तुकडा कापून, कडा कानशीनं घासून, झाकण जागच्या जागी ठेवून दिलं होतं. "वाफ जायला जागा नको का गो?" ते म्हणाले. त्यानंतर ठिगळाला सहा बारीक स्क्रू हवे होते, तेही जर्मनचे. दिवाळीत ते कुठून आणणार? माझी बायको माझ्यासाठी स्वेटर विणत होती. तिच्या सुया जर्मनच्या. साडूंनी एक सुई मागून घेतली असं ते सांगतात. बायको म्हणते ती विणतच होती. सुईचे सहा तुकडे झाले, त्यांना आटे पडले, पेटीतल्या भोकांनाही आटे पडले. माझा स्वेटर एका बाहीचाच राहिला आणि पुढची तीन वर्षं थंडी मी डाव्या अंगानंच काढली.

पाडव्याला सकाळी साडूंनी धक्क्यावरच्या होडीवाल्याला बोलावलं. होडीच्या फटींत भरतात ती राळ त्यानं तेलात कढवून आणली. तिच्यात भिजवलेली चिंधी ठिगळाखाली घालून सहा स्क्रू आवळले. आता परीक्षा. गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत पेटी बुडवायची, तेलाच्या भोकातून सायकलच्या पंपानं हवा भरायची, आणि बुडबुडे येतात का बघायचं. मी पंप मारत होतो, साडू डोणीत डोकं घालून बघत होते, होडीवाला त्यांच्या खांद्यावरून बघत होता आणि म्हैस आम्हा तिघांकडे. बुडबुडा आला. साडू ओरडले, "आला!" मी पंप टाकून वाकलो. बुडबुडा दिसत होता खरा, पण तो ठिगळातून येत नव्हता. माझ्या पंपाच्या नळीतून येत होता. हे कळल्यावर साडू इतके हर्षित झाले की त्यांनी ओल्या हातांनी होडीवाल्याला मिठी मारली आणि मग, जवळ होती म्हणून, म्हशीलाही. पेटीत तेल संपूर्ण नवं भरायचं होतं, तर घरात एरंडेलाशिवाय दुसरं जाड तेल नव्हतं. तेच भरलं. "दिवाळीचं जड खानं झालंय, मडमचं पोट पन साफ व्हईल," साडू म्हणाले. दुपारी अक्का पाडव्याचं ओवाळायला आली तेव्हा पाटावर बसलेल्या नवऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. तिनं झाकणाबद्दल, हंड्याबद्दल काही बोलायचं ठरवलं होतं म्हणे. ते राहू देऊन तिनं त्या काळ्या हातांसकट ओवाळलं.

भाऊबिजेला बारा वाजता खाडी काठोकाठ भरली. निम्मं दासगाव धक्क्यावर जमलं होतं आणि सगळ्यांनी एकदम श्वास रोखलेला. आबांना मात्र वाटत होतं की ही गर्दी त्यांना पोचवायला आली आहे. पांढरं धोतर, नवा फेटा, बहिणीसाठी लुगडं उराशी धरलेलं. ते नाळेकडे बसले, मी मधे, आणि साडू मागं मडमपाशी. दोरीच्या अकराव्या ओढीला मडम गरजली. गावानं असा काही जयघोष केला की आबा चमकून मागं बघायला लागले. ओहोटी सुरू झाली होती, पाणी आम्हाला पुढं नेत होतं आणि साडू पुढं न बघता सारखे मागं, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतोय का ते बघत होते. अर्ध्या वाटेवर एका वळणाला पाण्यात शिरलेली चिखलाची दांडी आली आणि पंख्याला गवत गुंतलं म्हणून त्यांनी मडम क्षणभर बंद केली. एकाएकी सगळं शांत झालं. त्या शांततेत आबा, मान न वळवता, म्हणाले, "गळतंय का ओ अजून, जावयबापू?"

साडूंच्या हातातलं गवत पाण्यात पडलं. "काय आबा?"

"चार दिस मला भोपळ्याला नमस्कार करायला लावलात. मी डोंगरातला हाय, पन भोपळा कळतो मला." आबा पाण्याकडे बघत पुढं म्हणाले, "मला तवाच दिसलं व्हतं, तेल आलेलं. मी परत डोळं मिटून घेतलं. बघितलं असतं तर परत जावं लागलं असतं. बघितलंच नाय म्हटल्यावर कसला अपशकुन?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "माझ्याच हातनं फुटली ना?"

मी साडूंकडे पाहिलं. गोदीत सोळा वर्षं काढलेला, कण न कण चाटून पारखणारा माणूस. ती पेटी मुंबईहून आणली तेव्हा तिच्यावर केसाएवढाही डाग नव्हता, हे मला त्यांनीच शंभरदा ऐकवलेलं. ते अगदी सहज म्हणाले, "नाय आबा. ती आदीच फुटलेली व्हती, आतनं. खाऱ्या पान्यानं खाल्लेली. तुमच्या नारळानं दिसली तरी. नायतर आज भर खाडीत आपन तिघं पान्यात असतो." आबांनी हुंकार दिला. मग त्यांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "मग चला. म्हातारी वाट बघतीय." मडमनं आम्हाला पावणेतीनला आत्याच्या धक्क्याला लावलं.

आत्या ओसरीवर बसली होती. एवढीशी झालेली. आबा समोर जाऊन बसले, तशी तिनं हात पुढं करून त्यांचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, गाल. "गाल येवढं गुळगुळीत कसं रे तुजं?" ती म्हणाली. दासगावच्या न्हाव्याची करामत सांगायची कुणाला सोय नव्हती. आबा हसायला लागले आणि हसता हसताच रडायला लागले, आणि आत्या "रडतोस काय, बस नीट" म्हणून निरांजन लावायला सुनेला हाका मारत राहिली. तिनं अंदाजानं ओवाळलं. कुंकू आबांच्या नाकावर लागलं. मग तिनं विचारलं, आणलं कुणी तुला? साडू दाराबाहेरच उभे होते, हात काळे म्हणून. तिनं त्यांनाही ओढून पाटावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली तेव्हा आबा म्हणाले, मी चार दिवस राहतो. चार दिवसांनी साडू न्यायला गेले, तर आबा म्हणाले, आणखी आठ दिवस. असं करत साडू पाच वेळा रिकामी होडी घेऊन परत आले, आणि दर वेळी महाडला येऊन मला एवढ्या आनंदानं सांगायचे की जसं काही आबांना न आणणं हीच त्यांची कामगिरी होती. ठिगळ टिकलं होतं. माघात आत्या गेली. आबा तिच्या उशाशी होते. दिवस करून झाल्यावर एका रविवारी साडू आणि मी त्यांना आणायला गेलो.

भरतीच्या पाण्यानं निघालो. आबा नाळेकडे, आमच्याकडे पाठ करून बसले. दुखवट्याचं घर सोडून येतोय, मडमचा गोंगाट बरा नव्हे, म्हणून साडूंनी वल्ही हातात घेतली आणि मलाही एक दिलं. थोडं अंतर गेलो असू. आबा मान न वळवता म्हणाले, "मोटार लाव रे बाबा तुझी." साडूंच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, आबांनी जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "लाव. आवाज असू दे जरा."

साडूंनी दोरी ओढली. मडम सुरू झाली आणि दुसरं काहीही ऐकू येईनासं झालं. आबांचे खांदे हलताना दिसत होते, एवढंच. साडू सावकाश, पण आवाज कमी न करता, होडी नेत राहिले. दासगावचा धक्का आला. अक्का तिथं उभी होती, तिनं हात केला. मी साडूंकडे बघितलं. त्यांनी तिला हातानंच थांब अशी खूण केली आणि होडी तशीच पुढं, महाडच्या दिशेनं काढली. बऱ्याच वेळानं आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि मागं वळून ओरडून विचारलं, "दासगाव आलं नाय का रे अजून?"

"येल आता, आबा," साडू तेवढ्याच मोठ्यानं ओरडले, "आज भरती जरा नरम हाय."

दासगाव मागं पडून अर्धा तास झाला होता.